ऊतींची स्लाइड वाचायला शिकताना : गालाच्या पेशीपासून आतड्याच्या छेदापर्यंत

डीएमएलटी, नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ऊतींच्या प्रात्यक्षिकाला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो तेव्हा त्याला गुलाबी-जांभळ्या रंगाची सरमिसळ दिसते. पाठ्यपुस्तकातली रेखीव आकृती त्यात कुठेच सापडत नाही. मग पुष्कळ जण स्लाइडवरच्या तुकड्याचा आकार, काचेवरचा ओरखडा किंवा लेबलचा रंग लक्षात ठेवून परीक्षा निभावून नेतात आणि वर्षभरात सगळे विसरून जातात. हा लेख अशा विद्यार्थ्यांसाठी आहे, तसाच शाळेच्या प्रयोगशाळेत साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक उपलब्ध असलेल्या नववी ते बारावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठीही आहे.

या लेखाचा सारा भर एकाच सवयीवर आहे. पेशी ओळखायच्या आधी दोन पेशींच्या मधली जागा पाहावी: ती किती आहे आणि कशाने भरलेली आहे. मानवी शरीरातील ऊतींचे चार मुख्य प्रकार आहेत, अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता, आणि त्यांतील पहिला मोठा फरक याच जागेत दडलेला असतो. पॅरिसमधील झेवियर बिशा या तरुण वैद्याने 1800 च्या सुमारास ऊतींचे 21 प्रकार सांगितले तेव्हा त्याने सूक्ष्मदर्शक वापरलाच नव्हता. शवविच्छेदनात हाताला लागणारा पोत, चिवटपणा, शिजवल्यावर किंवा वाळवल्यावर होणारा बदल यांवरून त्याने ही विभागणी केली. आज चारच मुख्य प्रकार मानले जात असले, तरी ऊतीचा पोत हाच तिचा स्वभाव असतो ही त्याची दृष्टी अजून उपयोगी पडते, आणि पोत बव्हंशी ठरतो तो पेशींच्या दरम्यान काय भरले आहे त्यावर.

पायरी पहिली : मोजमाप डोळ्यांत बसवणे

कोणतीही स्लाइड पाहण्यापूर्वी आपल्या सूक्ष्मदर्शकात किती रुंदीचे वर्तुळ दिसते हे काढून ठेवावे. आयपीसवर, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगावर, बहुधा 10×/18 असे काहीतरी कोरलेले असते. यातील 18 या आकड्याला वस्तुभिंगाच्या वर्धनाने भागले की दिसणाऱ्या क्षेत्राचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. म्हणजे 4 च्या भिंगाखाली 4.5 मिलिमीटर, 10 च्या भिंगाखाली 1.8 मिलिमीटर आणि 40 च्या भिंगाखाली 0.45 मिलिमीटर, अर्थात 450 मायक्रॉन. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) आयपीसवर असा आकडा नसेल तर 4 च्या भिंगाखाली पारदर्शक प्लॅस्टिकची मोजपट्टी ठेवून वर्तुळात किती मिलिमीटर बसतात ते पाहावे आणि मोठ्या वर्धनासाठी त्याच प्रमाणात भागावे.

यानंतर दोन-तीन आकडे पाठ असले की पुरते. तांबडी रक्तपेशी सुमारे 7 ते 8 मायक्रॉनची असते. गालाच्या आतील अस्तराची वरच्या थरातील पेशी साधारण 50 ते 60 मायक्रॉनची, आणि स्त्रीबीज 100 मायक्रॉनहून थोडे अधिक, म्हणजे नुसत्या डोळ्यांना टिंबाएवढे दिसू शकेल इतके. या तिन्हींपैकी तांबडी पेशी सर्वांत महत्त्वाची, कारण ती जवळजवळ प्रत्येक ऊतीतील रक्तवाहिनीत सापडते. स्लाइडमध्ये कुठेही एखादी केशिका दिसली की तिच्यातल्या तांबड्या पेशीशी तुलना करून शेजारच्या पेशीचा आकार चटकन अजमावता येतो.

पायरी दुसरी : स्वतःच्या गालाच्या पेशी

पहिली स्लाइड स्वतःच्या हाताने केलेली असावी, असे माझे ठाम मत आहे, कारण तयार स्लाइडमध्ये रंग, छेद आणि पेशी या तीन अनोळखी गोष्टी एकदम समोर येतात. साहित्य थोडके आहे: स्वच्छ स्लाइड, कव्हरस्लिप, सलाइनचा म्हणजे 0.9 टक्के मिठाच्या पाण्याचा एक थेंब, मिथिलीन ब्लूचे सौम्य द्रावण, टिपकागद आणि कानात घालायची न वापरलेली कापसाची काडी.

आधी पाण्याने खळखळून चूळ भरावी, म्हणजे अन्नकण निघून जातात. स्लाइडच्या मधोमध सलाइनचा थेंब ठेवावा. काडी गालाच्या आतल्या बाजूवर हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवावी. ओरबाडण्याची मुळीच गरज नाही, कारण वरच्या थरातील पेशी तशाही गळतच असतात. काडी त्या थेंबात गोल फिरवून थेंब किंचित गढूळ होऊ द्यावा. त्यात मिथिलीन ब्लूचा लहानसा थेंब मिसळून एखादा मिनिट थांबावे. मग कव्हरस्लिपची एक कड थेंबाच्या काठाला टेकवून ती तिरपी धरावी आणि हळूहळू खाली सोडावी. ती सपाट टाकली तर खाली हवेचे बुडबुडे अडकतात. जास्तीचे द्रावण टिपकागदाने कडेने शोषून घ्यावे. प्रत्येकाने स्वतःच्याच पेशी पाहाव्यात, काड्या एकमेकांच्या वापरू नयेत, आणि काम झाल्यावर काडी व स्लाइड जंतुनाशकात टाकावी.

सुरुवात नेहमी सर्वांत लहान भिंगाने करावी. 4 च्या भिंगाखाली फिकट निळे ठिपके शोधून ते मध्यभागी आणावेत, मग 10 आणि शेवटी 40. निळ्या रंगाचा गच्च गोळा दिसला तर तो सोडून एकट्या-दुकट्या पेशीकडे जावे. प्रकाश कमी करायला नवीन विद्यार्थी सहसा विसरतात. डायफ्रॅम, म्हणजे स्लाइडखालची प्रकाश कमी-जास्त करणारी झडप, थोडा बंद केल्याशिवाय या पातळ, पारदर्शक पेशींच्या कडा दिसतच नाहीत. काळ्याकुट्ट, जाड, अगदी गोल कडा असलेली चकचकीत वस्तू म्हणजे पेशी नव्हे, तो बुडबुडा.

40 च्या भिंगाखाली आता जे दिसते त्याकडे घाई न करता पाहावे. पेशी पाच-सहा कोनांच्या, अनियमित आकाराच्या आणि कागदासारख्या पातळ असतात. एखादीची कड दुमडलेली असते आणि त्या घडीच्या जागी निळा रंग गडद होतो. मध्याच्या आसपास गडद निळे, लंबगोल केंद्रक असते. त्याच्या भोवतीच्या फिकट पेशीद्रव्यात बारीक कण दिसतात. पेशीच्या पृष्ठभागावर, कधी कडेला, अगदी बारीक निळे ठिपके किंवा दाणेदार साखळ्या दिसल्या तर ते तोंडात नेहमी राहणारे जिवाणू आहेत. पेशीच्या मानाने ते किती लहान आहेत हे एका दृष्टिक्षेपात कळते. 450 मायक्रॉनच्या वर्तुळात अशा पेशी एका ओळीत सात ते नऊ मावतात का, हे मोजून पाहावे, म्हणजे पहिल्या पायरीवर केलेला हिशेब बरोबर होता की नाही ते समजते.

मात्र या स्लाइडची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. येथे सुट्या पेशी दिसतात, ऊती दिसत नाही. गालाचे अस्तर अनेक थरांचे असते आणि काडीला चिकटून येतो तो फक्त वरचा, गळायला आलेला थर. ऊती म्हणजे पेशींची मांडणी, आणि ती पाहायची तर अख्खा तुकडा उभा कापावा लागतो. सुपारी आणि गुटख्याच्या सवयीमुळे होणाऱ्या, तोंड उघडणे हळूहळू कठीण करणाऱ्या ओरल सबम्युकस फायब्रोसिस या विकारात मुख्य बिघाड अस्तराच्या खाली, कोलॅजन या प्रथिनाचे तंतू साचून झालेला असतो आणि वरचे अस्तर पातळ होत जाते. तो निश्चित करायला सुट्या पेशी पुरत नाहीत, तुकडाच तपासावा लागतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखूच्या सवयी आणि तोंडाचा कर्करोग यांचा जो अभ्यास केला, त्याचाही पाया अशा तुकड्यांच्या सूक्ष्मदर्शक तपासणीचाच होता.

पायरी तिसरी : न दिसणारे पेशीअंगक समजून घेणे

पुस्तकातील पेशीच्या आकृतीत तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी पिंड, लयकारिका, रायबोसोम अशी दहा-बारा नावे बाणांनी दाखवलेली असतात आणि गालाच्या पेशीत केंद्रकाशिवाय त्यांतले काहीही दिसत नाही. हा सूक्ष्मदर्शकाचा दोष नव्हे. प्रकाशाच्या साहाय्याने सुमारे 0.2 मायक्रॉनपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसू शकत नाहीत. पेशीपटल तर मायक्रॉनच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असते, त्यामुळे पेशीची जी कड आपण पाहतो ती प्रत्यक्ष पटलाची रेघ नसून पेशीची सीमा आहे. बाकीची अंगके इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने किंवा खास रंगांनी पाहावी लागतात.

तरीही ती शिकायची आहेतच, पण यादी पाठ करून नव्हे. या पेशीचे काम काय, हा प्रश्न आधी विचारावा. हृदयाच्या स्नायूपेशीला जन्मभर न थांबता ऊर्जा लागते, म्हणून तिच्या आकारमानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तंतुकणिकांनी व्यापलेला असतो. स्वादुपिंडाची पाचकरस बनवणारी पेशी दिवसभर प्रथिने तयार करून बाहेर पाठवते, म्हणून तिच्यात खडबडीत आंतर्द्रव्यजालिका तळाशी दाटलेली असते आणि वरच्या बाजूला गॉल्जी पिंडातून निघालेल्या कणिका साठलेल्या असतात. जिवाणू गिळणाऱ्या भक्षकपेशीत लयकारिका भरपूर असतात. तांबडी रक्तपेशी प्राणवायू वाहून नेण्यासाठी हिमोग्लोबिनने ठासून भरलेली असते आणि परिपक्व होताना ती केंद्रक आणि तंतुकणिका दोन्ही टाकून देते. म्हणूनच ती सुमारे 120 दिवस टिकते पण स्वतःची दुरुस्ती किंवा विभाजन करू शकत नाही. रक्ताच्या नमुन्यातून डीएनए काढतात तो पांढऱ्या पेशींमधला असतो. इतर बहुतेक पेशींच्या केंद्रकात 46 गुणसूत्रे असतात आणि त्यांतील डीएनए सरळ केला तर एकेका पेशीतला सुमारे दोन मीटर भरतो.

पायरी चौथी : तयार स्लाइड कशी बनते

आता तयार, रंगवलेल्या स्लाइडकडे वळावे. ऊतीचा तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये ठेवून स्थिर केला जातो, नंतर अल्कोहोलच्या चढत्या प्रमाणाने त्यातील पाणी काढतात, झायलीनमधून नेऊन तो वितळलेल्या पॅराफिन मेणात मुरवतात आणि मेणाची वडी थंड झाल्यावर मायक्रोटोम या काप घेण्याच्या यंत्राने तिचे 4 ते 5 मायक्रॉन जाडीचे काप घेतात. अशा कापावर हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग चढवले जातात. हिमॅटॉक्सिलिन मूळचे मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून मिळते. ते आम्लधर्मी वस्तूंना, म्हणजे डीएनए आणि आरएनएला, निळा-जांभळा रंग देते. इओसिन बहुतेक प्रथिनांना गुलाबी करते. केंद्रके जांभळी आणि बाकीचे बरेचसे गुलाबी दिसते ते यामुळे. वर सांगितलेल्या स्वादुपिंडाच्या पेशीचा तळ निळसर दिसतो, कारण तिथे रायबोसोममधील आरएनए दाटलेला असतो. म्हणजे आंतर्द्रव्यजालिका प्रत्यक्ष दिसली नाही तरी तिची खूण साध्या स्लाइडवरही सापडते.

या प्रक्रियेने दोन फसवणुकी होतात आणि त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. पहिली रिकाम्या जागांची. अल्कोहोल आणि झायलीन चरबी विरघळवून टाकतात, त्यामुळे चरबीपेशी रिकाम्या फुग्यासारखी दिसते आणि तिचे केंद्रक कडेला चेपलेले असते. श्लेष्म स्रवणारी चषकपेशीही या रंगांनी फिकी, जवळजवळ पोकळ वाटते. स्लाइडवरचे पांढरे म्हणजे जिवंतपणीही रिकामेच होते, असे कधीही समजू नये. दुसरी फसवणूक छेदाच्या दिशेची. भेंडी आडवी चिरली तर पाकळ्यांची चकती मिळते, उभी चिरली तर बियांच्या रांगा, आणि तिरकी चिरली तर धड काहीच नाही. रक्तवाहिनी, ग्रंथी, स्नायूतंतू यांचे नेमके हेच होते. एकाच स्लाइडमध्ये गोल, लांबट आणि तिरके असे तिन्ही आकार दिसले तर ती तीन वेगवेगळी अंगे असतीलच असे नाही.

पायरी पाचवी : ठरावीक क्रमाने चार प्रश्न

स्लाइड आधी नुसत्या डोळ्यांनी प्रकाशासमोर धरून पाहावी, मग 4 च्या भिंगाखाली संपूर्ण तुकडा फिरून पाहावा आणि मगच मोठ्या भिंगाकडे जावे. त्यानंतर हे प्रश्न याच क्रमाने विचारावेत. पेशींच्या मध्ये जागा किती आणि तिथे काय आहे? तुकड्याला मोकळी कड आहे का, आणि असेल तर तिच्यावर पेशींची सलग ओळ आहे का? केंद्रकांचा आकार आणि पेशीतील त्यांची जागा कोणती? आणि शेवटी, तंतू दिसत असतील तर त्यांवर आडवे पट्टे आहेत का? पहिल्या दोन प्रश्नांतच निम्मे काम होते.

पेशींच्या मध्ये जवळजवळ जागाच नसेल आणि एका बाजूला मोकळी पोकळी किंवा बाहेरचा पृष्ठभाग असेल, तर तो अभिस्तर. त्याच्या खाली आधारपटलाची बारीक सीमा असते आणि त्यात रक्तवाहिन्या शिरत नाहीत. पोषण खालून झिरपते. त्याचे नाव ठरवताना दोनच गोष्टी पाहायच्या: थर एक की अनेक, आणि पेशींचा आकार पट्टकी म्हणजे चपटा, घनाभ की स्तंभीय. फुप्फुसातील वायुकोशांचे अस्तर एकेरी आणि चपटे असते, कारण तिथून प्राणवायू पलीकडच्या रक्तात जायचा असतो आणि रक्त व हवा यांच्यातील भिंत एका मायक्रॉनहूनही पातळ ठेवायची असते. मूत्रपिंडाच्या नलिकांत घनाभ पेशी असतात, आतड्यात स्तंभीय. त्वचा, तोंड आणि अन्ननलिका यांना घर्षण सोसायचे असते, म्हणून तिथे अनेक थर असतात. येथे नवख्याची हमखास चूक होते: अनेक थरांच्या अभिस्तराचे नाव सर्वांत वरच्या थरातील पेशींच्या आकारावरून ठरते. तळच्या पेशी घनाभ दिसल्या म्हणून अन्ननलिकेचा अभिस्तर घनाभ होत नाही. वर चपट्या पेशी आहेत, म्हणून तो स्तरित पट्टकी. श्वासनलिकेत केंद्रके वर-खाली असल्याने अनेक थर असल्याचा भास होतो, पण प्रत्येक पेशीचा पाय आधारपटलावर टेकलेला असतो. तो थर एकेरीच आहे. मूत्राशयाचे अस्तर मात्र ताणले की पातळ आणि रिकामे असताना जाड दिसते, आणि त्याच्या वरच्या पेशी घुमटासारख्या फुगीर असतात.

पेशी विरळ आणि त्यांच्या मधली जागा तंतू किंवा घट्ट द्रव्य यांनी भरलेली असेल, तर ती संयोजी ऊती. हा कारभार फार मोठा आहे. त्वचेखालच्या विरल ऊतीत तंतू सैल असतात. स्नायुरज्जूत कोलॅजनचे तंतू समांतर, दाट आणि ताणलेले. कूर्चेचे भरणद्रव्य गुळगुळीत, निळसर झाक असलेले असते आणि त्यातील पेशी छोट्या खळग्यांत एकट्या किंवा जोडीने बसलेल्या दिसतात. तिथे रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून गुडघ्याच्या कूर्चेची झीज भरून येणे एवढे अवघड असते. हाडाची घासून बनवलेली स्लाइड पाहताना एक गोष्ट जपावी. मध्यभागी नळी आणि तिच्याभोवती वर्तुळाकार थर दिसतात, त्या थरांत काळे, कोळ्यासारखे पाय असलेले ठिपके असतात, आणि विद्यार्थी त्यांनाच अस्थिपेशी म्हणून मोकळे होतात. ते पेशींचे रिकामे खळगे आहेत. हाड वाळवून घासल्यावर पेशी उरलेली नसते, तिच्या जागेत हवा आणि चुरा भरलेला असतो.

रक्तही संयोजी ऊतीच मानले जाते, कारण त्यातही पेशी सुट्या असून मधली जागा प्लाझ्माने भरलेली असते. रक्ताच्या स्लाइडसाठी आपल्याकडे प्रयोगशाळांत लीशमन रंग सर्रास वापरतात. नवशिक्याने बोट टोचून प्रयोग करण्यापेक्षा तयार स्लाइड पाहावी. त्यात तांबड्या पेशी मध्यभागी फिकट असलेल्या चकत्यांसारख्या दिसतात. पांढऱ्या पेशींत बहुतेक वेळा आधी सापडतात त्या अनेक खंडांचे केंद्रक असलेल्या न्यूट्रोफिल. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात तांबड्या पेशींपैकी काही कोयत्यासारख्या वाकलेल्या असतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, आणि एवढ्या एका बदलामुळे प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून पेशीचा आकार बदलतात.

लांब, गुलाबी तंतू आणि मधे अगदी थोडी संयोजी ऊती दिसली, तर स्नायू. हाडांना जोडलेल्या ऐच्छिक स्नायूत प्रत्येक तंतूला अनेक केंद्रके असतात आणि ती कडेला, पटलाच्या आत चिकटून असतात. डायफ्रॅम कमी करून 40 च्या भिंगाखाली पाहिले की आडवे पट्टे दिसतात. हृदयाच्या स्नायूतही पट्टे असतात, पण तंतूंना फाटे फुटलेले असतात, केंद्रक मध्यभागी असते आणि दोन पेशींच्या सांध्यावर आडव्या गडद रेघा दिसतात. आतडे, रक्तवाहिन्या, गर्भाशय यांतील अनैच्छिक स्नायूच्या पेशी दोन्ही टोकांना निमुळत्या, बिनपट्ट्यांच्या आणि मध्यभागी एकच केंद्रक असलेल्या असतात.

चेता ऊतीत मोठी पेशीकाया, तिच्यातले फिकट गोल केंद्रक आणि त्यातला ठसठशीत ठिपका म्हणजे केंद्रिका, एवढे दिसले की शंका उरत नाही. मज्जारज्जूच्या आडव्या छेदातील करड्या भागाच्या पुढच्या शिंगात अशा पेशी सर्वांत सुंदर दिसतात, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. मात्र साध्या रंगांत त्यांचे लांब फाटे दिसत नाहीत. कण्यापासून पायापर्यंत जाणारा अक्षतंतू तर जवळजवळ मीटरभर लांब असू शकतो आणि 5 मायक्रॉनच्या कापात त्याचा कणभर तुकडाच येतो. इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांनी 1873 मध्ये चांदीच्या क्षाराने मोजक्याच चेतापेशी संपूर्ण काळ्या करण्याची रीत काढली, तेव्हा कुठे त्यांच्या फांद्या नीट दिसल्या. तीच रीत वापरून स्पेनच्या सांतियागो रामोन ई काहाल यांनी प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते हे मांडले. गॉल्जींना ते शेवटपर्यंत पटले नाही, तरी 1906 चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले.

पायरी सहावी : तीन गुलाबी तंतूंचा गोंधळ

खरी परीक्षा येथे असते. अनैच्छिक स्नायू, दाट कोलॅजन आणि चेतारज्जूचा (म्हणजे नर्व्हचा, मज्जारज्जूचा नव्हे) उभा छेद, ही तिन्ही गुलाबी, तंतुमय आणि लांबट केंद्रकांची असतात आणि नुसत्या रंगावरून ओळखायला गेले की गफलत ठरलेलीच. केंद्रके कुठे आहेत यावर नजर खिळवावी. अनैच्छिक स्नायूत केंद्रक गुलाबी तंतूच्या आत असते, त्याची टोके बोथट असतात आणि स्नायू आकुंचन पावलेला असेल तर ते स्क्रूसारखे पिळलेले दिसते. कोलॅजनमध्ये केंद्रके तंतूंच्या आत कधीच नसतात. ती तंतूंच्या मध्ये चेपलेली, बारीक आणि गडद असतात, कारण तंतू हे पेशी नसून पेशींनी बाहेर टाकलेले प्रथिन आहे. चेतारज्जूत तंतू लाटांसारखे नागमोडी जातात, केंद्रके बारीक आणि किंचित वाकलेली असतात आणि तंतूंच्या भोवती फेसाळ, फिकट जागा असते, कारण अक्षतंतूंवरचे मायलिनचे चरबीयुक्त आवरण झायलीनमध्ये विरघळून गेलेले असते. चेतारज्जूला सहसा बाहेरून संयोजी ऊतीचे घट्ट वेष्टणही असते. जठर, स्नायुरज्जू आणि चेतारज्जू या तीन स्लाइड शेजारी ठेवून आलटून पालटून पाहिल्या आणि प्रत्येकीतील एकेक केंद्रक पेन्सिलीने काढले, तर हा फरक कायमचा बसतो. मोबाईलवर फोटो काढून ठेवणे सोयीचे असते, पण चित्र काढताना डोळ्याला जे निवडावे लागते ते फोटो निवडत नाही.

पायरी सातवी : एकाच अवयवात चारही

शेवटी लहान आतड्याचा छेद घ्यावा आणि आतल्या पोकळीपासून बाहेरच्या कडेपर्यंत एका सरळ रेषेत जावे. पोकळीत बोटांसारखे उंचवटे, म्हणजे व्हिलाय, आलेले असतात. त्यांवर एकेरी स्तंभीय अभिस्तर असतो आणि मधून मधून फिकट चषकपेशी. पोकळीकडच्या कडेला जी बारीक गुलाबी किनार दिसते ती ब्रश बॉर्डर, अन्नरस शोषणाऱ्या सूक्ष्म उंचवट्यांची. हे अस्तर साधारण तीन ते पाच दिवसांत बदलते आणि नव्या पेशी व्हिलायच्या तळाशी असलेल्या खोबणीतून वर सरकत येतात. तिथे विभाजन पावणारी पेशी सापडते का, हे आवर्जून शोधावे. व्हिलायच्या गाभ्यात पेशी विरळ होतात आणि मधे जागा दिसू लागते: विरल संयोजी ऊती, तिच्यात केशिका, पांढऱ्या पेशी आणि चरबी वाहून नेणारी लसिकावाहिनी. त्याखाली अनैच्छिक स्नायूचा एक पातळ पट्टा, मग दाट संयोजी ऊतीचा रुंद थर आणि त्यातील मोठ्या रक्तवाहिन्या.

त्याच्याही बाहेर स्नायूचे दोन जाड थर येतात. आतल्या थराचे तंतू आतड्याभोवती गोल फिरतात, बाहेरच्याचे आतड्याच्या लांबीला धरून जातात; म्हणून आडव्या छेदात आतल्या थरातील केंद्रके लांबट आणि बाहेरच्या थरातील केंद्रके ठिपक्यांसारखी गोल दिसतात. छेदाची दिशा ओळखायची असेल तर यासारखी दुसरी खूण नाही. या दोन थरांच्या मधल्या फटीत सावकाश शोधले की फिकट रंगाची लहान लहान बेटे सापडतात, आणि प्रत्येकात मोठे फिकट केंद्रक व ठसठशीत केंद्रिका असलेल्या दोन-चार पेशी. हे आतड्याची हालचाल चालवणारे ऑवरबाखचे चेताजाल. सर्वांत बाहेर थोडी संयोजी ऊती आणि तिच्यावर चपट्या पेशींचे एकेरी आवरण असते.

हे बिनचूक सांगता येऊ लागले की पुढची स्लाइड श्वासनलिकेची घ्यावी. तिथे स्नायूच्या दोन थरांऐवजी इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची कूर्चा असते, आणि तिची मागची उघडी बाजू अनैच्छिक स्नायूने बंद केलेली असते.